सिंधूताईंचा उसना गुडघा

मी एक जुना, तडा गेलेला सिमेंटचा गुडघा आहे. सिमेंट म्हटल्यावर तुम्हाला घराची भिंत आठवली असेल. पण मित्रांनो, मी हाडांत बसवायच्या सिमेंटचा आहे, आणि त्याचा मला थोडा तोरा आहे. तेवढा चालवून घ्या.

माझा जन्म धरमपेठेतल्या एका इस्पितळात, ऑपरेशनच्या टेबलाशेजारी झाला. नंदनवनात राहणाऱ्या विणकर सिंधूताईंच्या धातूच्या गुडघ्यात जंतू शिरून पू झाला होता. तो गुडघा काढावा लागला. जंतू मरेपर्यंत त्या जागी मी राहायचं आणि मग नवा गुडघा बसवायचा, असं ठरलं. जंतू मेले नसते, तर त्यांचा पाय जन्मभर ताठ राहिला असता. कदाचित कापावाही लागला असता.

डॉक्टर अस्मिता माझ्या भुकटीत जंतुनाशक औषध मिसळत होत्या. मदतीला असलेले डॉक्टर दुर्गेश म्हणाले, “मॅडम, जंतू चिवट आहेत. औषध भरपूर घालू या का?”

“फार घातलं तर सिमेंट ठिसूळ होतं. पाय टेकला की तुटेल.”

“मग कमी?”

“कमी घातलं तर जंतू दाद देणार नाहीत.” त्यांनी औषध पुन्हा मोजलं. “नेहमीपेक्षा थोडं जास्त घालू. जी ताकद कमी पडेल, तिची कसर सिंधूताईंनी पायावर भार न देता भरून काढायची.”

असा मी घडलो. माझ्या अंगभर बारीक छिद्रं होती. त्यांतूनच औषध झिरपायचं आणि त्यांच्यामुळेच मी कच्चा होतो.

घरी सिंधूताई वॉकर धरून, त्या पायावर भार न देता चालायच्या. हळूहळू ठणका थांबला. त्यातच मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढला. आडव्या धाग्याचा पहिला धोटा घरच्या बाईनं टाकायचा, ही त्यांच्या घरची रीत. माग खड्ड्याचा; काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचे. त्यांचे यजमान शालिकराम औषधं आणायला गेले असताना त्या काठावर बसल्या आणि सवयीनं दुखरा पायच आधी खालच्या पावडीच्या फळीवर दाबला. त्याच वेळी मला तडा गेला.

शालिकराम परतले, तेव्हा त्या गुडघा धरून बसल्या होत्या.

“काहून बसली वं? डाक्टरीणबाईनं नाही म्हणलं होतं ना?”

“दुखून नव्हतं राह्यलं. मले वाटलं, बरा झाला पाय.”

इस्पितळात एक्स-रे पाहून डॉक्टर अस्मिता म्हणाल्या, “तुकडे अजून जागेवर आहेत. पण पुन्हा भार पडला तर हा आत्ताच काढावा लागेल, आणि जंतू अजून गेलेले नाहीत.”

घरी आल्यावर शालिकराम मागावर बसले. “यंदा पहिला धोटा मी टाकतो. तू तिथूनच पाह्य.” सिंधूताईंचे डोळे भरून आले, पण त्या खाटेवरून हलल्या नाहीत. पाय उशीवर ठेवून त्यांनी मला जपलं, आणि मी माझ्यातलं औषध देत राहिलो. इतकं सुखाचं काम क्वचितच कुणाला मिळत असेल.

पुढे तपासण्या चांगल्या आल्या. जंतू गेले होते. नवा गुडघा बसवायला कमरेखालीच भूल दिली होती, त्यामुळे सिंधूताई जाग्या होत्या. मला बाहेर काढताच त्या म्हणाल्या, “दाखवा मले.”

डॉक्टरांनी मला त्यांच्यासमोर धरलं.

“एवढा तडा घेऊन राह्यला हा?”

“तुम्ही भार दिला नाहीत, म्हणून राहिला.”

सिंधूताईंनी मान माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाल्या, “लय सोसलं गा तू माह्यासाठी.”

मित्रांनो, मजबूत वस्तूचं कौतुक सगळेच करतात. मी कच्चा होतो, आणि कच्चा आहे हे ओळखून मला जपलं गेलं. त्याबद्दल मी फार फार आभारी आहे. तुमच्या घरी कुणी दुखण्यातून उठत असेल, तर ठणका थांबला म्हणून त्यांना लगेच कामाला लावू नका. आत कुणीतरी अजून राबत असतं.