मुंगीची नखं

दुसरं बटण काजातून ओढून घेत असतानाच आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं.

"हलू नकोस," आई म्हणाली.

"मी कुठे हलतेय?" मुंगी म्हणाली. बोटांना ओला रंग लागलाय अशा थाटात तिने दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते. दहाही बोटांच्या टोकांना गुलाबी, चकचकीत, बदामासारखी निमुळती नखं होती.

आईने उरलेली बटणं लावली, कॉलर सरळ केली. मग वेणी. मग डब्याचं झाकण सैल करून ठेवणं, कारण घट्ट असलं तर ते शाळेत उघडत नाही. मग बुटांची बकलं. बाळाचं रडणं आता भोकाडापर्यंत पोचलं होतं.

हे सगळं नऊ वर्षांच्या मुलीचं, आणि तेही या मुलीचं. चालायला लागल्यापासून सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं होतं. बाळ झाल्यापासून तर ती स्वतःचं दप्तर भरायची, स्वतःची वेणी वाकडीतिकडी का होईना घालायची, बाळाची दुपटी घडी करून ठेवायची. आल्यागेल्याला आई कौतुकाने सांगायची, "हिचं मला काही बघावंच लागत नाही." ऐकणारेही मुंगीच्या डोक्यावर हात ठेवून पुढे बाळाकडे जायचे.

रविवारी मावशी तिला फिरायला म्हणून घेऊन गेली आणि पार्लरमधून ही खोटी नखं लावूनच परत घेऊन आली. तेव्हापासून मुंगीला काहीच येईनासं झालं. आईला चष्म्याच्या दुकानात कामावर परत रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि तिला रोज उशीर होत होता. मालक काही बोलत नसत. ते नुसते घड्याळाखाली येऊन उभे राहत.

"अगं, हौस असते पोरींना," मावशी फोनवर म्हणाली. "तू नाही का फुलांच्या पाकळ्या नखांवर चिकटवून मिरवायचीस?"

"हात धुतला की निघायच्या त्या."

"हीपण निघतील की."

"कधी? तिला पेन्सिल धरता येत नाहीये. साधं पाकीट फोडता येत नाही. मी एक बाळ सांभाळतेय की दोन, काही कळत नाही मला."

"तू ना, अगदी आपल्या आत्यासारखी झालीस. सारखी करवादलेली."

"आत्याने निदान मला आधी विचारलं असतं," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. बाबा महिनाभर कामासाठी बाहेरगावी होते, तेव्हा पुढचं भांडायलाही घरात कुणी नव्हतं.

शनिवारी दुपारी ती दोघांना घेऊन नखं काढायला त्याच पार्लरमध्ये गेली. चपला बाहेर काढाव्यात अशी दारावर पाटी होती. आईने खाली बसून मुंगीच्या सँडलची बकलं सोडली, बाळाची गाडी उंबऱ्यावरून उचलून आत घेतली. नखं लावणारी मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतली होती. तिने मानेनेच बाक दाखवला.

आईने बाळाला खांद्याशी घेतलं तेवढ्यात त्याने तिथेच दूध काढलं.

"झालं," आई म्हणाली. बाळाला गाडीत ठेवून ती कोपऱ्यातल्या बेसिनशी गेली आणि ओल्या रुमालाने कुडत्याचा खांदा पुसू लागली. बेसिनवर आरसा होता. आरशात बाक दिसत होता, बाकाशेजारी गाडी, आणि गाडीवर वाकलेली मुंगी.

बाळ कुरकुरत होतं. मुंगीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. या बाटलीचं झाकण भलतंच घट्ट होतं. रोज आईलाही ते फडक्यात धरून फिरवावं लागायचं. मुंगीने बाटली पोटाशी दाबून धरली, बोटांची पेरं झाकणाभोवती बसवली आणि एका झटक्यात ते उघडलं. बाळाला दोन घोट पाजले. मग त्याच्या झबल्याचं सुटलेलं बारीक बटण नखाच्या टोकाने अलगद उचलून काजात घातलं. इवलंसं बटण. चष्म्याचे स्क्रू बसवणाऱ्या आईलाही ते चिमट्याने धरावंसं वाटायचं.

आईचा हात खांद्यावर तसाच थांबला. आठवडाभर. आठवडाभर या कार्टीने आपल्याला नाचवलं. मालक घड्याळाखाली उभे, बाळ तिकडे भोकाड पसरलेलं, आणि आपण हिची बटणं लावतोय. नळ जोरात बंद करून ती वळली.

मुंगी बाकावर बसली होती, दोन्ही हात अंगापासून लांब. मांडीवर बिस्किटांचा पुडा होता.

"आई, हा फोडून दे ना. मला नाही येत."

बोलायला तोंड उघडत आईने बाकावर बसून पुडा हातात घेतला. मुंगी सरकून अगदी तिच्या कुशीला चिकटली आणि पुड्याकडे न बघता पुडा धरलेल्या आईच्या बोटांकडे बघत राहिली.

आईने पुडा फोडला.

"हिच्या मावशी म्हणाल्या, आईला चालतं," नखं लावणारी मुलगी मुंगीचा हात टेबलावर घेत म्हणाली.

"ती काहीही म्हणेल. तुम्हाला दिसत नव्हतं, केवढी आहे ते?"

"दिसतं ना, ताई. या वयात नख पातळ असतं, वरून घासलं की आणखी पातळ होतं. पण नको म्हटलं तर तुमच्यासारख्याच बायका रागावतात. शेजारचं पार्लर लावून देतं म्हणतात."

"म्हणून तुम्हीपण लावायची?"

मुलीने नखं सोडवायच्या द्रावणाची बाटली उघडली. तिने कापसाचे बोळे द्रावणात बुडवले, मुंगीच्या एकेका बोटावर ठेवले आणि वर चांदीचा कागद गुंडाळला. तिची स्वतःची नखं मुंगीच्या नखांहून लांब होती, पण कागदाच्या घड्या सुबक पडत होत्या.

"पहिला दिवस जड जातो," ती मुंगीला समजावल्यासारखं म्हणाली. "मग सवय होते. मी ही नखं लावून भांडीसुद्धा घासते. तुला झाली की नाही सवय?"

मुंगीने झर्रकन आईकडे पाहिलं.

आई गाडीवर वाकली होती. बाळाचा पायमोजा नीटच होता. तिने तो ओढून आणखी नीट केला.

"आज नको ना काढूया," मुंगी हळूच म्हणाली. "पुढच्या शनिवारी."

"आजच," आई म्हणाली.

नखं निघाली. खालची नखं पांढुरकी, खरखरीत दिसत होती, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. मुंगीने बोटं मिटून मूठ केली आणि ती तशीच ठेवून पार्लरच्या दाराबाहेर आली. तिथे तिने मूठ उघडली, खाली बसली, आणि एका सँडलचं बकल लावून टाकलं.

"येतं आता मला," ती कुणाकडेच न बघता म्हणाली.

आईने गाडी भिंतीला लावली. पर्स खांद्यावरून घसरली तशी ती जमिनीवरच ठेवून मुंगीसमोर उकिडवी बसली. दुसऱ्या पायाचा पट्टा तिने ओढला, बकल लावलं. मग पहिल्या पायाचं लावलेलं बकल सोडलं.

"अगं, ते लावलंय मी."

"सैल आहे."

पट्टा नेहमीच्याच भोकात होता. मागे गाडीत बाळाने सूर लावला.

"आई, बाळ रडतंय."

"ऐकतेय मी," आई म्हणाली आणि पट्टा पुन्हा त्याच भोकात बसवू लागली, सावकाश.