थट्टेचा सोयरा

किब्वाना बुडाला त्याला सात महिने होऊन गेले होते, तरी त्याची आई बी झेना रोज रात्री त्याचं ताट वाढत होती. सादानीच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ, वामी नदीच्या मुखाशी होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले, आणि त्यांनी त्याला पाण्याखाली जाताना डोळ्यांनी पाहिलं होतं. मशिदीच्या शेखसाहेबांनी साक्ष मानली, बी झेना मानेना. प्रेत दाखवा, म्हणाली. ती हो म्हणेपर्यंत घरात मेलेल्यासाठीचा फातिहा वाचायची कुणाची छाती नव्हती. किब्वानाची बायको सौमू, तेवीस वर्षांची पोर, ना धड बायको ना धड विधवा. नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीचे, सुतकाचे तिचे चार महिने दहा दिवस सुरूच होईनात. रडली की सासू ओरडायची, जिवंत माणसाला काय रडतेस म्हणून.

शेवटी सौमू माझ्याकडे आली. मी मिहायो, दार एस सलाममध्ये मिनीबस चालवतो. मी न्यामवेझी जमातीचा आणि किब्वाना झारामो, आणि या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं, म्हणजे आम्ही जन्मतःच थट्टेचे सोयरे. त्याने मला हमालाची अवलाद म्हणायचं, तुझ्या आजोबाने पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि फुकटचं सूप समजून प्यायला म्हणायचं. मी म्हणायचं, ढोल वाजला की तुम्ही लोक नारळाची बागसुद्धा विकून नाचाल. रागवायचं कुणी नाही. आणि सोयरा मेला की उरलेल्याने त्याचे कपडे घालून मयताच्या घरात त्याची नक्कल करायची. घरचे हसतात, आणि हसता हसता त्यांना कळतं की माणूस गेला. जिवंत माणसाची अशी नक्कल करत नाहीत. प्रेत नाही, या सबबीवर मी ती केली नव्हती. खरं सांगायचं तर टाळली होती.

जिथे बुडाला तिथेच जाऊन कर, असं सौमूचं म्हणणं. आश्चर्य म्हणजे बी झेना तयार झाली.

"कर की," म्हणाली. "तो जिवंत असेल तर असला आगाऊपणा खपवून घेणार नाही. धावत येऊन तुझं थोबाड रंगवेल."

रविवारी पहाटेच्या नमाजानंतर आम्ही तिघं निघालो. बागामोयो मागे पडलं, वामीचा पूल आला, मग तांबड्या मातीचा रस्ता. बी झेनाच्या मांडीवर डबा होता, नारळाचा भात आणि ऑक्टोपसची आमटी. त्याला भूक लागली असेल, म्हणाली. मी आरशात सौमूकडे पाहिलं, तिने खिडकीबाहेर पाहिलं.

उद्यानाच्या फाटकावर एक बंदूकवाला वनरक्षक आमच्याबरोबर गाडीत बसला. नदीतल्या मगरी किनाऱ्यापर्यंत येतात, तेव्हा गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, असं त्याने बजावलं. वाटेत तो आपली डोकेदुखी सांगत बसला. काही महिन्यांपासून रोज सकाळी वाळूत अनवाणी पावलं दिसतात, समुद्रात शिरणारी. पण ती मधूनच सुरू होतात, जमिनीकडून तिथवर आलेली पावलं नाहीत. कुणीतरी चोरटा शिकारी आपल्याला चकवतोय, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, झारामो असेल, काम टाळायला समुद्रात जात असेल. तो हसला. बी झेना हसली नाही.

किनाऱ्यावर ओहोटी होती. नदीच्या गाळाने पाणी मातकट झालं होतं. झुडपांमधून एक जिराफ आमच्याकडे बघत उभा होता आणि वाऱ्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. मी चपला काढल्या, किब्वानाचा निळा चौकड्यांचा शर्ट चढवला. त्याला पेटीतल्या लवंगांचा वास येत होता. मग डावा खांदा पाडला, टोपी मागे सरकवली, आणि त्याच्यासारखं नाक सुरसुरवलं. त्याला जन्माची सर्दी होती.

"काय गं पोरी," मी बी झेनाला म्हणालो, कारण तो आईला पोरीच म्हणायचा. "आजही भात करपवलास ना?"

सौमूने तोंडावर हात धरला आणि सात महिन्यांत पहिल्यांदा हसली. बी झेनाचाही ओठ हलला. मला चेव आला. पाण्यात जाऊन जाळं फेकायचं, घसरायचं आणि बोंबलत परत धावत यायचं, असं मी ठरवलं होतं. गुडघाभर पाण्यात गेलो, जाळं फेकल्यासारखं केलं आणि परत फिरायला गेलो.

फिरता येईना. कुणी धरलं नव्हतं. पायच आपणहून मागे निघाले, आधी टाच, मग बोटं. मी समुद्राकडे तोंड करून उलटा चालत पाण्याबाहेर येत होतो. सौमूचं हसू थांबलं. ओरडावंसं वाटलं, पण आवाज फुटेना. नाकाची सुरसुर मात्र चालू होती, आणि ती मी करत नव्हतो. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही.

पाय थांबले तेव्हा पाठीला बी झेनाचा श्वास लागत होता.

"मिहायो, हे तुला कुणी सांगितलं?" तिने हळूच विचारलं. "कुणालाच ठाऊक नाही. त्या पहाटे आम्ही भांडलो. तो निघाला तेव्हा मी म्हणाले, आता येशील तर पाठमोरा ये. मला तुझं तोंड बघायचं नाही."

वाळूत डबा ठेवल्याचा आवाज आला.

"किब्वाना, रागाच्या भरात बोलले रे. वळ. बघू दे मला."

माझ्या टाचा सुटल्या. मी वळलो. बी झेना माझ्याकडे बघत नव्हती. हातभर डावीकडे आणि जरा वर बघत होती. किब्वाना माझ्याहून वीतभर उंच होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने अंगाभोवती गुंडाळलेल्या कांगाच्या कापडाचं टोक उचललं आणि लहान मुलाचं नाक पुसावं तसं हवेतच पुसलं. सुरसुर थांबली.

"सौमू," ती म्हणाली, "आजपासून दिवस मोज."

सौमू वाळूत बसून मोठ्याने रडली. सासू तिच्यावर ओरडली नाही.

वनरक्षक खाली वाकला होता. पाण्यापासून माझी उलटी पावलं आली होती. त्यांच्या शेजारून आणखी एक रांग, तीही उलटी, माझ्यापेक्षा मोठ्या पावलांची. बी झेनासमोर ती वळली होती, बोटं तिच्याकडे. पुढे काही नव्हतं, परत जाणारीही नव्हती.

"रोजचीच आहेत ही," तो म्हणाला. "वळलेली आज पाहिली." मग भरती येऊ लागली.

परतीच्या वाटेवर बी झेनाने डबा उघडला. भात सौमूला आणि मला निम्मा निम्मा वाढला, आणि काही उरवू नका म्हणाली. मी गाडी कडेला घेऊन खाल्लं. हमालाच्या अवलादी, माझ्याही वाटणीचं खातोस, असं आता मागून कुणीतरी म्हणेल म्हणून घास हातात धरून थांबलो. कुणी म्हणालं नाही. तेव्हा मला रडू आलं.