चैतरामच्या जिवाची नथ

मी महाशीर मासोळी बोलतेय. अंगावर रुपयाएवढे खवले आणि ओठात सोन्याची नथ. ही नथ मी मागितली नव्हती. माणसं एखाद्याला देव मानतात तेव्हा आधी टोचतात आणि मग हात जोडतात.

माझा जन्म वैनगंगेला मिळणाऱ्या एका धाकट्या नदीत झाला, जंगलातल्या गोट्यांवरून धावणाऱ्या पाण्यात. आमची रीतच तशी. राहायचं खालच्या खोल डोहात, आणि नदी भरली की अंडी घालायला उलट्या धारेनं वर जायचं. साचल्या पाण्यात आमची अंडी जगत नाहीत.

डोहाकाठी ढिवरांची वस्ती आहे. मासे धरणं हा त्यांचा धंदा, पण डोहात जाळं टाकायचं नाही हा वाडवडिलांचा नेम. सणावाराला ते आम्हाला लाह्या टाकत. त्या मी पुष्कळ खाल्ल्या, खोटं कशाला बोलू?

नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आमचा बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात राहिला, त्या सालची गोष्ट. नदी मात्र कोणाला न विचारता भंडाऱ्याकडे वाहत राहिली. त्या साली वस्तीतल्या रुख्माबाईच्या लहानग्या चैतरामला देवी आल्या. तिनं डोहाला नवस बोलला, पोरगा वाचला तर मासोळीला नथ घालीन. पोरगा वाचला. मग लाह्यांवर भुलवून मला धोतराच्या झोळीत धरलं. अशा वेळी नेम आड येत नाही.

"तुह्या जिवाची नथ हाय हे," ती लेकाला म्हणाली. "इले जप."

तो मोठा झाला आणि नदीवर धरणाची भिंत बांधायची ठरली. खाली डोह, वर आमची अंड्यांची जागा, मध्ये भिंत. मोजणीला आलेल्या साहेबासमोर रुख्माबाई उभी राहिली.

"साहेब, मासोळीले वर जायाले वाट ठेवा."

"ठीक है बाई, छोड़ देंगे," साहेब म्हणाला. आणि खरंच त्यानं भिंतीच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांची अरुंद वाट ठेवली. साहेबाला नावं ठेवायला मला जागा नाही. पहिल्या वर्षी आम्ही त्या वाटेनं वर गेलो आणि अंडी घालून परत डोहात आलो.

पण वाट ढिवरांनीही पाहिली होती. दुसऱ्या वर्षी पूर आला तेव्हा वाटेच्या तोंडाशी बांबूचा पिंजरा बसवलेला होता. बसवणारा होता चैतराम. पिंजऱ्याला आधी नारळ फोडला म्हणे. भिंतीनं आपल्याला बरकत दिली, मासोळी आपल्या पायानं घरी येते, अशी त्यांची समजूत. पोटात अंडी भरलेल्या माझ्या बहिणी त्या बरकतीत गेल्या. बालाघाटच्या बाजारात अंड्यांच्या मासोळीला भावही चढा मिळतो.

मीही अडकले. चैतरामनं पिंजरा काठावर रिकामा केला तेव्हा रुख्माबाई टोपली घेऊन आली होती. तिला नथ दिसली आणि टोपली तिच्या हातातून खाली पडली.

"चैत्या, हे काहून केलं?"

"माय, नेम डोहाचा हाय. भिंतीले कोठचा नेम?"

त्याचं बोलणं नेमाला धरूनच होतं. म्हणून तर मला त्याची चीड येते. नेम मोडणाऱ्याला निदान लाज तरी असते.

रुख्माबाईनं लुगड्याचा पदर भिजवून मला त्यात गुंडाळलं आणि भिंतीच्या वरच्या पाण्यात सोडलं. मग तिनं पंच बसवले आणि वाटेवर पिंजरा नको म्हणून हट्ट धरला. धरणाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्यांची तक्रार निराळीच, वाटेनं पाणी वाहून जातं. पंचांनी दोघांचं ऐकलं आणि वाटच दगड-सिमेंटनं बुजवून टाकली. आता वाटही नाही आणि भांडणही नाही.

माझी जात भिंतीखाली राहिली आणि मी वर. पोटात अंडी आली, पण जोडीला नर नव्हता. माझ्या गोट्यांवर आता धरणाचं मुकं पाणी चढलंय. खालच्यांनी दोनतीन वर्षं भिंतीला डोकी आपटली. दरवर्षी आवाज कमी होत गेला, आणि मग थांबला.

परवा चैतराम आला. त्याची लेक तापानं फणफणली होती, त्यानंही नवस बोलला होता, आणि ती वाचली. हातात बारीकशी नथ. आधी तो डोहावर गेला होता. लाह्या तरंगत राहिल्या, खायला कोणी आलं नाही. मग मायला घेऊन तो धरणाच्या काठावर आला. लाह्या टाकल्या, आणि मी वर आले. सवय जात नाही.

"माय, हे एकलीच हाय. खाली एक बी नाही राह्यली."

"हौ."

"मंग नथ कोणाले घालू?"

रुख्माबाईनं माझ्याकडे बोट केलं.

"इच्या ओठात तुह्या जिवाची हाय. ते काढून लेकीची घालतं काय?"

चैतरामनं मूठ मिटली आणि तो तिथंच खाली बसला.

माणसांनो, मला तुमचं सोनं नको, लाह्याही नकोत. भिंत तुम्ही बांधली, ती राहू द्या. तिच्यातली हातभर वाट तेवढी उघडा, आणि तिच्या तोंडाशी पिंजरा लावू नका. खालून कोणी येईल असं मला वाटत नाही. तरी पूर आला की मी भिंतीजवळ जाऊन थांबते.