कल्हईचा वायसर

वार्तकेसने रॉकेलचा बोळा इंजिनाच्या कडेवर दाबून फिरवला, तशी काळ्या थराखालून आकड्यांची ओळ वर आली. पुढचे आकडे कुणीतरी कानशीने घासून टाकले होते. शेवटचे तीन तेवढे शाबूत होते.

रागिदला वडिलांच्या गाडीचा अख्खा नंबर तोंडपाठ होता. तो पुटपुटला आणि ताठ झाला.

“जुळतात, उस्ताद.”

“तीन आकडे माझ्या सासऱ्याच्या गाडीशीसुद्धा जुळतील,” वार्तकेस म्हणाला. “एवढी वर्षं थांबलास ना, आणखी घटकाभर थांब.”

पांढऱ्या प्यूजोचा सांगाडा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता, हे त्याने पहिल्याच नजरेत ओळखलं होतं. दारं तिसरीची, दिवे चौथीचे. बेरूतच्या जुन्या गाड्या अशाच, लढाईने सगळ्यांची खिचडी करून ठेवलेली. एका हौशी माणसाने ही बेका खोऱ्यातल्या भंगारवाल्याकडून उचलली आणि नीट करायला शहरालगतच्या बुर्ज हम्मूदला वार्तकेसच्या गॅरेजात आणून सोडली. रागिदने बापाच्या इंजिनाचा नंबर शहरातल्या प्रत्येक गॅरेजात देऊन ठेवला होता, म्हणून वार्तकेसने त्याला फोन केला.

रागिदची आई दाराशी स्टुलावर बसली होती. वदाद तिचं नाव, पण वार्तकेस रिवाजाप्रमाणे तिला उम्म रागिद, म्हणजे रागिदची आई, म्हणे. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. अंगात निळा झगा. नवरा नजीब नाहीसा झाला तेव्हा रागिद रांगत होता, आता त्याच्या दाढीत पांढरं आलंय, पण या बाईने काळं म्हणून कधी अंगाला लावलं नाही. नजीब सकाळी गाडी घेऊन निघाला, पुलाजवळच्या नाक्यावर हत्यारबंद पोरांनी गाड्या अडवल्या, आणि पुढे काही नाही. त्याच दिवशी संपवलं असणार, असं सगळा गाव म्हणे. पाद्रीही म्हणे. रागिदही म्हणू लागला, तेव्हा ती एकदा वैतागून बोलून गेली होती, “त्याची गाडी आणून दाखव. मग देते तो मेला म्हणून सही, आणि नेसते काळं.”

गाडी सापडायची नाही, या खात्रीनेच ती तसं बोलली होती.

वार्तकेस इंजिनाखाली सरकला. आता तो एकेका पुर्ज्याशी बोलल्यासारखा बोलू लागला. हा कारखान्यातला. हा मागाहूनचा. हा तर ट्रॅक्टरचा, काय पण अक्कल! मग तेलाचं बूच सैल झाल्याचा आवाज आला आणि तो गप्प झाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर तांब्याचा एक वायसर होता.

“गंमत बघा. एका बाजूने तांबं, दुसऱ्या बाजूने पांढरं. वायसरला कल्हई कोण करतं हो?”

वदाद उठली. पिशवीतून तिने कॉफीचं तांब्याचं भांडं काढलं. आतून कल्हई, बुडाला रुपयाएवढं भोक.

“त्या सकाळी तेल गळत होतं,” ती म्हणाली. “मी कॉफी टाकायला गेले तर भांड्याची ही दशा. आईने दिलेलं भांडं! मी तोंडाला येईल ते बोलले. तो उपाशी गेला. घोटभर कॉफीसुद्धा न घेता.”

वार्तकेसने वायसर भोकावर धरला. दाबून दाबून तो पसरला होता, पण काठावर एके ठिकाणी कात्री जास्त गेल्याची चीर होती, आणि भोकाच्या काठालाही तशीच चीर होती. दोन्ही चिरा समोरासमोर आल्या. जन्मभर त्याने इंजिनं ओळखली होती, पण कुठल्याच इंजिनाने असं घरचं भांडं ओळखून दाखवलं नव्हतं.

“हे नजीबचंच,” तो हळूच म्हणाला.

रागिदने आईच्या खांद्यावर हात ठेवला. “झालं, आई.”

“झालं,” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं. “कुठे करायची सही, ते दाखव. शब्द दिलाय मी.”

“जरा थांबा.”

वार्तकेस पुन्हा वाकला होता. हातातल्या बॅटरीचा उजेड त्याने पाण्याच्या पंपावर धरला. पंपाच्या अंगावर धातू ओततानाच बनवल्याचं साल उठवलेलं असतं. त्याने बोटाने मळ पुसला आणि पुन्हा पुसला.

“रागिद, वडील कुठल्या साली गेले?”

“त्र्याऐंशी.”

“हा पंप शहाऐंशीचा आहे.”

“असेल की. गाडी ज्यांनी चोरली त्यांनीच बदलला असेल,” रागिद घाईने म्हणाला. “उस्ताद, आता नको तिला...”

“मीही हेच म्हटलं असतं.” वार्तकेसने पंपावरचा बोल्ट सोडवला, खालचा वायसर चिमटीत धरून पुसला आणि तांब्याच्या वायसरशेजारी फडक्यावर ठेवला.

हा अॅल्युमिनियमचा होता. तोही हाताने कापलेला. कात्री तांब्याच्या वायसरसारखीच उलट्या अंगाने फिरलेली, आणि शेवटी तशीच, अगदी तशीच चीर.

“नजीब डावखुरा होता?”

“होता,” वदाद म्हणाली.

वायसरच्या कडेला ठशाने उठवलेल्या आकड्याचा तुकडा दिसत होता. वार्तकेसने तो उजेडाकडे केला. बोलावं की न बोलावं ते ठरेना, म्हणून त्याने खांद्यावरच्या फडक्याची दोनदा घडी घातली.

“हे ताटाचं अॅल्युमिनियम आहे, उम्म रागिद. असं नंबर ठोकलेलं ताट घरात नसतं. बराकीत असतं, नाहीतर... माणसं कोंडून ठेवतात तिथे. पकडणाऱ्यांनी आपल्या गाड्या दुरुस्त करायला लावलं असेल त्याला. नवा पंप दिला, वायसर दिला नाही.”

बाहेरच्या बोळातून भाजीवाला ओरडत गेला. रागिदने आईच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. इतकी वर्षं तो आईला समजावत आला होता, की बाबा त्याच दिवशी गेले, त्रास झाला नसेल.

वदादने तो अॅल्युमिनियमचा वायसर घेतला. अंगठ्याने चीर चाचपली, पुन्हा पुन्हा चाचपली.

“तीन वर्षं,” ती म्हणाली. “म्हणजे जेवायला मिळत होतं त्याला.”

“आई...”

“सही करते मी, पण त्या दिवसाची तारीख नाही घालायची. त्या दिवशी तो मेला नाही.” तिने तांब्याचा वायसर वार्तकेसच्या हातात ठेवला. “हा तुम्ही होता तिथेच बसवा. गळेल नाहीतर.”

अॅल्युमिनियमचा मात्र तिने मुठीत ठेवला. मग इंजिनापाशी गेली, आणि स्वयंपाकघरातून अंगणातल्या माणसाला हाक मारावी तशा चढ्या आवाजात, आता मात्र रडत, म्हणाली,

“आणि ताट कापल्यावर जेवलास कशात रे, शहाण्या?”