उजव्या दाराची शिट्टी

नगरच्या स्टेशन रोडला रंभाजी मिस्त्रीचं गाड्यांच्या काचा आणि रबरं बसवायचं दुकान आहे. एके काळी रंभाजीच्या कानाची मोठी ख्याती होती. चालत्या गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचा आणि कुठल्या दाराच्या कुठल्या कोपऱ्यातून वारा शिरतो ते सांगायचा. पुण्याहून लोक जुन्या गाड्या घेऊन त्याच्याकडे यायचे, म्हणजे बघा. आता त्या कानांना काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ही गोष्ट दोघांनाच माहीत होती. एक तो स्वतः, दुसरी त्याची लेक सीमा. तिसऱ्याला कळलं तर आपलं नाव मातीत जाईल, असं म्हातारा धरून बसला होता.

आठ वर्षं सीमा एकटी दुकान सांभाळत होती आणि नाव मात्र बापाचंच पुढं करत होती. गिऱ्हाईक बोललं की तेच वाक्य ती बापाकडे तोंड करून सावकाश म्हणायची. म्हातारा ओठ वाचायचा आणि मान डोलवायचा. तिला त्याचं ओझं वाटत नव्हतं. बापाचा मान तो आपलाच मान, एवढा साधा तिचा हिशेब होता.

त्या मंगळवारी घोडेगावचे बिभीषणराव चौऱ्याहत्तर सालची पांढरी ॲम्बॅसिडर घेऊन आले. गाडी त्यांच्या वडलांची. वडील गेले, पण गाडीवर धुळीचा कण दिसेल तर शपथ.

"रामराम मिस्त्री! साठच्या पुढं गेली की शिट्टी मारती बघा. तीन ठिकानी दाखवली. आता तुमच्या कानाबिगर इलाज न्हाई."

"जय भीम, राव. बसा," रंभाजी म्हणाला.

"वडलांनी डायव्हरला धाडून कुठनंतरी रबरं बदलून आनली, तवापासनं ही पीडा. बसवनारा बहिरा हुता का काय, कुनास ठाऊक!"

हे वाक्य काही सीमानं बापाकडे वळवलं नाही. रंभाजीनं आपली सवयीनं मान डोलवली.

"आबांचे गुडघे दुखत्यात. मी येते गाडीत," ती म्हणाली.

बिभीषणरावांचा चेहरा पडला. त्यात सीमानं चारही दारांच्या आणि काचांच्या फटींवर चिकटपट्ट्या लावायला घेतल्या, तेव्हा तर त्यांना राहवेना. "ताई, गाडी दुरुस्त करताय का पार्सल?"

सीमानं शेवटची पट्टी दाबून बसवली. बापासारखा कान तिला नव्हता, म्हणून तिनं स्वतःची रीत बसवली होती. शेंडी गावाच्या पुढच्या सरळ रस्त्याला बिभीषणरावांनी गाडी सत्तरवर नेली. सगळ्या फटी बंद, आवाज बंद. मग थांबायचं, एक पट्टी काढायची, पुन्हा सत्तर. असं अकरा वेळा झालं. बाराव्या पट्टीला शिट्टी वाजली. उजव्या पुढच्या दारातली छोटी तिकोनी काच, तिचा वरचा कोपरा.  परतल्यावर बिभीषणरावांनी स्वतःहून चहा सांगितला.

दुकानात येऊन सीमानं त्या काचेचं जुनं रबर सोडवलं. रबराखालच्या पत्र्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'रं. २०१६'. रंभाजी प्रत्येक कामाखाली असं लिहायचा. कुणी बघणार नाही अशा जागी, फक्त स्वतःच्या समाधानासाठी.

रबर आखूड पडलं होतं आणि त्यानं ते ओढून टोकाला टोक भिडवलं होतं. ओढलेलं रबर कोपऱ्यात बारीक होतं, तिथून वारा शिरतो. हे सीमाला शिकवलं कुणी? त्यानंच. पूर्वी असं झालं असतं तर गाडीत बसताच त्याला कळलं असतं. त्या वर्षी कळलं नाही. घरात एक गोष्ट त्याला दोनदा सांगायला लागायची, ते हेच वर्ष.

बिभीषणराव बाहेर चहा पीत होते. सीमानं अंगठा ओला केला आणि ते अक्षर पुसून टाकलं.

वळून बघते तर म्हातारा मागं उभा. हातात ते जुनं रबर, आणि त्याचा अंगठा बरोबर त्या बारीक कोपऱ्यावर.

"कुनी वढलंय हे?"

"असंल कुनीतरी," सीमा म्हणाली.

रंभाजीनं पत्र्याकडे पाहिलं. मग तिच्या काळ्या झालेल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो खाली बसला आणि त्यानं रबर बसवताना लावायचं साबणाचं पाणी पुढं सरकवलं. सीमानं नवं रबर बोटभर जास्त कापलं आणि कोपऱ्यापासून ढकलत, सैल सोडत बसवत गेली. म्हातारा तिच्या बोटांवर नजर रोखून होता. एकदाही त्यानं मध्ये हात घातला नाही.

काम झाल्यावर तो काठी घेऊन उठला आणि सरळ बिभीषणरावांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"राव, ते रबर मी बसवलं हुतं. कान गेल्यात माझे, आठ वर्सं झाली. माझी चूक हिनं काढली, आन वर माझं नाव पुसाया निघाली हुती. म्हनून सांगतो."

बिभीषणरावांना सकाळचं आपलं बोलणं आठवलं असावं. हातातली बशी तशीच राहिली. सीमाला वाटलं, धरणी दुभंगावी. पण बापाची मान खाली नव्हती. चारचौघांत लेकीचा पहिला नंबर आल्यासारखा तो ताठ उभा होता.

"चला, आता मी बी येतो," तो म्हणाला.

पुन्हा शेंडीच्या पुढचा रस्ता. साठ झाले, सत्तर झाले, बिभीषणरावांनी भीत भीत ऐंशी गाठले. मागच्या सीटवर रंभाजीनं डोळे मिटले नाहीत. तो शेजारी बसलेल्या सीमाच्या तोंडाकडे बघत होता. आयुष्यभर जे त्यानं लोकांना सांगितलं, ते आज त्यानं पहिल्यांदा विचारलं.

"सीमे, वाजती का?"

"न्हाई, आबा."

बिभीषणराव खात्री करायला काचेकडे कान नेऊ लागले, तशी म्हाताऱ्यानं त्यांच्या खांद्यावर काठी टेकवली.

"ती न्हाई म्हनली ना? मंग म्होरं बघून गाडी चालवा."