कर्नलांचा हिरवा जनरेटर

गल्लीत त्यांना सगळे कर्नल म्हणत आणि तेही खुशाल ओ देत. खरं तर ते लष्कराच्या भांडारात कारकून होते. उभ्या नोकरीत त्यांनी चालवलेलं एकमेव हत्यार म्हणजे स्टेपलर. पण निवृत्तीनंतर त्यांना फौजेची अशी काही ओढ लागली की लष्करी लिलावातून त्यांनी एक जुना जनरेटर उचलून आणला. हिरवागार, अंगावर पांढरे आकडे आणि निम्मं अंगण व्यापून बसलेला.

"सीमेवर चाललेलं मशीन आहे," ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत. ते मशीन कुठल्याशा छावणीत स्वयंपाकघराचे दिवे लावत होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर थांबलं कोण असतं?

त्यांची एकुलती एक लेक वीज कंपनीत होती. "ऑफिसर आहे," असं कर्नल सांगत. ती खांबावर चढते, तारा जोडते, हे सांगताना त्यांची जीभ जड होई. लेकीनं मशीनभोवती एक फेरी मारली. धुराची नळी खिडक्यांपासून लांब होती, आर्थिंगही नीट होतं. तिनं मान डोलावली, तशी कर्नलांची छाती फुगली.

"आणि घराला जोडणार कसं?" तिनं विचारलं.

कर्नलांनी अभिमानानं एक जाडजूड वायर पुढे केली. दोन्ही टोकांना पिना. एक जनरेटरला लावायची, दुसरी स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये खुपसायची की झालं.

लेकीनं कपाळावर हात मारला. "बाबा, हा जिवाशी खेळ आहे. मेन स्विच चालू राहिला तर तुमची वीज उलटी बाहेरच्या तारांत जाईल. तिथे लाईन बंद आहे असं समजून कुणीतरी काम करत असतं. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, लायसनवाल्या माणसाकडून. एकच दांडा असतो. एकतर रस्त्याची वीज, नाहीतर जनरेटरची. दोन्ही एकदम घ्यायची म्हटली तरी घेता येत नाहीत."

"त्याला दांडा कशाला? मेन बंद ठेवायचा, असा हुकूम काढतो. या घरात शिस्त आहे!"

शिस्त होतीच. ती लाल फितीची होती. ज्या वस्तूला हात लावायचा नाही तिच्यावर कर्नल लाल फीत बांधत. रेडिओवर फीत, घड्याळावर फीत, स्वतःच्या खुर्चीवरसुद्धा फीत. त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, रोज सकाळी सगळ्या फिती सोडत, धूळ पुसत, पुन्हा बांधून ठेवत. संसार त्यामुळेच सुरळीत चालला होता. मेन स्विचवरही फीत चढली. लेकीनं पुढच्या खेपेला पुन्हा विषय काढला, तेव्हा कर्नलांनी तिला फौजेच्या शिस्तीवर व्याख्यान दिलं.

मग एका संध्याकाळी वादळ झालं, फांद्या पडल्या, वीज गेली. कर्नलांना इतका आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. इस्त्रीचा शर्ट चढवून ते अंगणात आले. मेन बंद केला, वायर लावली, बटण दाबलं. मशीन खोकलं, धडधडलं, आणि अंधाऱ्या गल्लीत एकटं त्यांचं घर झळाळून उठलं. फाटकापाशी उभे राहून ते कुणी बघतंय का ते बघू लागले.

थोड्या वेळानं समोरच्या घरात दिवा लागला. मग शेजारच्या. "आली, आली!" पोरं ओरडली. कर्नलांचा चेहरा पडला. इतक्यात कशी आली?

तेवढ्यात मशीन कण्हायला लागलं. दुप्पट ओझं पडल्यासारखं.

"अगं, मेनला हात लावलास का?"

"चालू केला ना मघाशी," बाई आतून म्हणाल्या. "बंद ठेवला तर बाहेरची लाईट आल्याचं आपल्याला कळणार कसं?"

कर्नलांनी गल्लीत नजर टाकली. गल्लीच्या तोंडाशी खांबाला शिडी लागली होती आणि वर पिवळं हेल्मेट दिसत होतं. ते हेल्मेट कुणाचं हे त्यांना शंभर हेल्मेटांत कळलं असतं. ते मशीनकडे धावले. बंद करायचा दांडा हाताला लागण्याआधीच खांबावर लख्ख प्रकाश झाला, मोठा आवाज झाला, मशीन गचका खाऊन बंद पडलं आणि सगळी गल्ली काळोखात गेली.

ते खांबापाशी कसे पोचले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तोंडातून फक्त लेकीचं लहानपणचं नाव निघत होतं.

"ओरडू नका, आहे मी!" वरून आवाज आला. ती उतरली. हातात लांब काठी होती. "हात लावण्याआधी काठीनं तारांवर आर्थिंगची साखळी टाकली, वीज जमिनीत गेली, म्हणून वाचले. नियमच आहे तो. पण घाईत आम्ही कधीकधी टाळतो. मीसुद्धा टाळते. फक्त या गल्लीत टाळत नाही. तुमचं मशीन आल्यापासून."

कर्नलांना तेव्हा उमगलं. आपल्या लेकीचा आपल्यावर भरवसा नव्हता, म्हणून ती जिवंत होती.

बाई धापा टाकत आल्या. त्यांच्याकडे बघून लेकीनं विचारलं, "मेन कुणी चालू केला?"

बाईंनी कर्नलांकडे पाहिलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारे कर्नल एक पाऊल पुढे झाले.

"मी," ते म्हणाले. "तू दोनदा सांगितलंस, मी ऐकलं नाही. मीच केला."

लेकीनं दोघांकडे बघितलं. हेल्मेटचा पट्टा घट्ट करत तिनं एवढंच विचारलं, "मला पुन्हा वर चढायचंय. चढू?"

"थांब," कर्नल म्हणाले आणि घराकडे पळाले. परत आले तेव्हा ती जाडजूड वायर त्यांच्या गळ्यात होती. एक पीन डाव्या मुठीत, एक उजव्या. काम संपेपर्यंत ते खांबाखाली तसेच उभे राहिले. दोन्ही मुठी वर धरून, हेल्मेटच्या दिव्यात तिला वरून दिसतील अशा.