चिंचेखालचं अंगण

सकाळी उठून मी आधी अंगण धुते, मग घरटी मोजते, मग चहा. फाटकाबाहेर मोठी चिंच आहे. पावसाळ्यात तिच्यावर बगळे, वंचक, पाणकावळे असे सगळे येऊन संसार थाटतात. संसार वर, घाण खाली, आणि घासायला मी. आमच्या चेरीताल वस्तीच्या नावात ताल, म्हणजे तळं, असलं तरी आमच्या गल्लीच्या टोकाला आता नुसतं डबकं उरलंय. पक्ष्यांना तेवढं पुरतं. मला मेलं काहीच पुरत नाही, झोप तर नाहीच.

मोजायचं ते सासऱ्यांसाठी. भय्यासाहेब डिफेन्सच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तीन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवं अंग गेलं. तेव्हापासून खाट खिडकीशी आणि नजर चिंचेवर. ते मोजतात, मी वहीत लिहिते: भरलेलं, रिकामं, पिल्लांचं. जास्वंदीतला बुलबुल आणि तोंडलीच्या वेलातला शिंपी पक्षीही सुटत नाही. कारखान्याची सवय म्हणून सगळं दोनदा मोजायचं, आकडा जुळला नाही की तिसऱ्यांदा. तोवर करून ठेवलेला माझा चहा थंडगार. नवरा, आलोक, रिछाईहून नाइट शिफ्ट करून येतो तो थेट अंथरुणात. त्याला काय सांगणार?

माघात गल्लीतले मोहनजी महापालिकेला द्यायचा अर्ज घेऊन फाटकाशी आले. घाण होते, वास येतो, चिंचेच्या फांद्या छाटाव्यात. झाड तेव्हा रिकामं होतं. मला वाटलं, पावसाच्या आत छाटतील, पक्षी दुसरीकडे जातील, भय्यासाहेबांना सांगू की फांद्या तारेला लागत होत्या. ओल्या हातानेच सही केली. खोटं कशाला बोलू, करताना बरं वाटलं.

या शहरात जन्म काढूनही अर्ज किती दिवसांनी हलतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. ठेकेदाराची माणसं शिडी आणि करवती घेऊन आली ती श्रावणात. आदल्या दिवशी वहीत सदतीस घरटी होती. त्यातली एकोणतीस पिल्लांची.

मी पोहोचेपर्यंत पहिली फांदी खाली आली होती. दोन घरटी रस्त्यावर पसरली. एक पिल्लू गेलं होतं, एक चोच उघडून नुसतं थरथरत होतं. वर सगळे पक्षी कल्लोळ करत होते. खिडकीतून भय्यासाहेब ओरडत होते, “विनता! काहून कापून राहिले? थांबव त्यांना!”

मी मुकादमासमोर उभी राहिले. “भैया, रुको. ऊपर बच्चे हैं.”

“दीदी, अर्ज़ी तो आप ही लोगों की है,” तो म्हणाला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. “दस्तख़त करने वालों में से कोई लिखकर दे दे कि अभी नहीं काटना, तो हम चले जाएँगे. हमें कौन-सा शौक है.”

म्हणजे मलाच लिहून द्यायचं होतं, आणि सही केल्याचं भय्यासाहेबांना सांगायचं होतं. मी कागद पाहिला. पहिली सही मोहनजींची, दुसरी माझी. आणि सगळ्यांत खाली, वाकडीतिकडी, डाव्या हाताची एक सही. ती मी पेन्शनच्या कागदांवर किती वेळा पाहिली होती.

मी कागद घेऊन आत गेले.

“माझी सही आहे याच्यावर,” मी म्हटलं. “आणि तुमची पण.”

भय्यासाहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा नजर चिंचेवरून काढली.

“तू औषध आणायला नेपियर टाउनला गेली होती. मोहन परत आला, म्हणे बहूजींनी केली.” ते थांबून थांबून बोलत होते. “मला खिडकीतून झाडच दिसते का? खाली तू दिसते. रोज कमर धरून उठते. पक्षी काय बापा, कुठंही बसतील.”

“मग मला सांगायचं होतं ना!” मी जवळजवळ ओरडलेच.

“तू सांगितलं?”

मी वहीतलं एक पान फाडलं आणि त्यावर लिहिलं. एक सही पुरली असती, पण त्यांनी पेन मागितलं. डाव्या हाताने एकेक अक्षर काढेपर्यंत बाहेरून दोनदा हाक आली. मी बाहेर गेले तेव्हा वर चढलेला माणूस कोणी न सांगता ते जगलेलं पिल्लू दुसऱ्या घरट्यात ठेवत होता. मुकादमाने पान खिशात घातलं. “दिवाली के बाद आएँगे,” तो म्हणाला.

दिवाळीनंतर आले तर येवोत. तेव्हा झाड रिकामं असेल.

दुसऱ्या दिवशी मी बादली उचलली, तर खिडकीच्या गजावर टकटक झाली. “आधी मोजू.” पस्तीस. दुसऱ्यांदाही पस्तीस. वही मिटून मी उठले, तर ते म्हणाले, “बस. चहा घे आधी. अंगण कुठं पळून राहिलं?”

तीन वर्षांत पहिल्यांदा मी गरम चहा प्याले. अंगण तसंच पांढरं पडलेलं होतं. खाटेशी बसून मी रडले, आणि भय्यासाहेब जास्वंदीतल्या बुलबुलाकडे बघत राहिले.